सहाव्या भागाची डिस्क परत करू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही इंदूरलाच, सुदामा नगरात राहता. नऊ वर्षांच्या मुलीसाठी हॅरी पॉटरच्या आठही भागांचा ब्लू-रे संच घेतलात आणि दर रविवारी एक भाग बघून त्या डिस्कचं परीक्षण लिहायला घेतलंत. पाच झाली, आणि लक्षात आलं की पाचही ठिकाणी तेच लिहिलंय: चित्र स्वच्छ, आवाज दमदार, एक्स्ट्रा भरपूर. आता सहाव्या भागाला अडलात. तो मळकट, हिरवट आणि इतका अंधारा दिसतोय की डिस्कच खराब निघाली असं वाटतंय. परत करावी का, आणि परीक्षण लिहिताना नेमकं बघायचं काय, असं विचारलंत.

डिस्क परत करू नका. ती बहुधा ठणठणीत आहे. तुमचे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. चित्र 'चांगलं' आहे की नाही हे तुम्ही दुकानातल्या टीव्हीवर चालणाऱ्या झगमगीत फितीशी ताडून ठरवताय. ताडायचं असतं ते वेगळ्याच गोष्टीशी: हा सिनेमा कसा दिसावा असं तो करणाऱ्यांनी ठरवलं होतं? ते कळलं की आठही परीक्षणं आपोआप वेगवेगळी होतात, कारण हे आठ सिनेमे एकसारखे दिसतच नाहीत.

मी हे बोलतोय ते कोणत्या भरवशावर, तेही सांगतो. रामबागेजवळ माझी अठरा वर्षं कॅसेट लायब्ररी होती. व्हीएचएसपासून सुरुवात, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, शेवटी शेवटी थोड्या ब्लू-रे. लायब्ररी चालू असतानाच डिस्कवर लिहायला लागलो, अजून लिहितो. माझ्याकडे मोजमापाची यंत्रं नाहीत. डोळे, कान, एक वही आणि 'ही डिस्क अडकते हो' म्हणत परत आलेल्या शेकडो गिऱ्हाइकांचा अनुभव, एवढंच भांडवल.

त्यातला हा सहाव्या भागाचा अनुभव अगदी तुमच्यासारखाच. सिनेमा २००९ च्या जुलैत आला. डीव्हीडी माझ्याकडे आल्यावर एका आठवड्यात तीन गिऱ्हाइकांनी ती परत आणली. एक जण म्हणाले, 'प्रिंट धुतलेली आहे.' दुसऱ्यांना ती टॉकीजमध्ये कॅमेरा लावून काढलेली नक्कल वाटली. मीही घरी लावून बघितली, कपाळाला आठ्या घातल्या आणि पुरवठादाराशी भांडून दुसरी मागवली. दुसरीही हुबेहूब तशीच. तरी माझी ट्यूब पेटली नाही! मी चक्क लिहून मोकळा झालो की कंपनीने या भागाच्या चित्राची वाट लावली आहे. पुढे कळलं की त्या भागाचे छायाचित्रकार ब्रुनो देल्बोनेल यांना याच कामासाठी ऑस्करचं नामांकन मिळालंय. या मालिकेला एकूण बारा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही, आणि त्या बारांमध्ये छायाचित्रणाचं नामांकन एवढं एकच. म्हणजे ज्याला मी कचरा म्हटलं होतं त्यासाठीच ते गृहस्थ ऑस्करच्या रांगेत उभे होते. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी लागली. ती वही अजून जपून ठेवली आहे.

तो हिरवट, राखाडी, रंग पिळून काढलेला पडदा मुद्दाम तसा केलेला आहे. आता प्रश्न उरतो की डिस्कने तो अंधार नीट पोचवला की नाही. हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. रात्री ट्यूबलाइट बंद करा, पडदे ओढा आणि काळा झगा घातलेलं एखादं पात्र अंधाऱ्या खोलीत उभं असेल असं दृश्य थांबवून ठेवा. झग्याच्या चुण्या दिसतात का? बाही कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळतं का? कळत असेल तर डिस्क उत्तम. सगळं मिळून एक काळा डाग झाला असेल तर दोष डिस्कचा किंवा टीव्हीचा. आणि काळ्या जागी राखाडी धुकं पसरल्यासारखं दिसत असेल तर बहुतेक वेळा टीव्हीची ब्राइटनेस वाढवून ठेवलेली असते. बहुतेक घरांत ती तशीच असते, कारण दुपारी मालिका बघताना खिडकीतून ऊन येतं.

म्हणून परीक्षणाच्या आधी टीव्ही. यावर फार लिहीत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. पिक्चर मोड 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' असेल तर तो 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. हालचाल गुळगुळीत करणारी जी काही सोय तुमच्या कंपनीने दिली असेल, तिचं नाव काहीही असो, ती बंद करा. ती चालू असली की सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा दूरदर्शनवरच्या नाटकासारखा दिसतो. पहिले दोन दिवस घरचे 'पिवळं पिवळं दिसतंय' म्हणून ओरडतील. ओरडू द्या. तिसऱ्या दिवशी डोळे सरावतात.

आता मूळ गोष्टीकडे. आठ सिनेमे, दिग्दर्शक चार, छायाचित्रकार सहा. पहिले दोन ख्रिस कोलंबसचे, तिसरा अल्फोन्सो क्वारोनचा, चौथा माइक न्यूएलचा आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत डेव्हिड येट्स. २००१ ते २०११ अशी दहा वर्षं. एकाच डब्यात भरलेले असले तरी आठ मापांचे सदरे आहेत हे, आणि तुम्ही सगळ्यांना एकच फूटपट्टी लावताय.

पहिला भाग उबदार, सोनेरी. मोठ्या भोजनगृहात हवेत तरंगणाऱ्या मेणबत्त्या आठवा. आधी तिथे खऱ्या मेणबत्त्या तारांना टांगल्या होत्या. ज्योतीने तारा जळून त्या खाली पडू लागल्या, म्हणून मग संगणकावर काढल्या. परीक्षकाने या दृश्यात बघायचं ते असं: प्रत्येक ज्योत वेगळी, टोकदार दिसते का, आणि ज्योतींच्या भोवतीचा अंधार सलग आहे का, की त्यात चौकोनी ठोकळे हलताहेत? जुन्या व्हीसीडीवर हे दृश्य म्हणजे पिवळ्या ठिपक्यांची रांगोळी असायची. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे संपूर्ण पडद्याला लाखभर ठिपके. ब्लू-रेला वीस लाखांच्या वर. त्यामुळे 'चित्र स्वच्छ' हे लिहायचंच नाही. ते गृहीत आहे. ज्योतींबद्दल लिहा.

याच भागात एक गंमत आहे, ती बहुतेक परीक्षकांच्या नजरेतून सुटते. डिस्क जितकी चांगली, तितके जुने संगणकी परिणाम उघडे पडतात. झाडूवरचा खेळ किंवा मुलींच्या स्वच्छतागृहातला राक्षस बघा. डीव्हीडीवर तो मऊ दिसायचा, चालून जायचा. ब्लू-रेवर कळतं की मुलं एका जगात आहेत आणि राक्षस दुसऱ्या. हा डिस्कचा दोष नाही, २००१ सालच्या तंत्राची मर्यादा आहे. परीक्षणात हे दोन वेगळे ठेवलेच पाहिजेत: सिनेमाचा दोष कोणता आणि डिस्कचा कोणता. माझ्या मते या मालिकेवरची निम्मी परीक्षणं इथेच घसरतात.

तिसऱ्या भागापासून हवा बदलते. रंग थंड होतात, पाऊस आणि धुकं येतं, मुलं गणवेश सोडून घरच्या कपड्यांत वावरतात. डिस्क पारखायला मी कायम हाच भाग वापरतो. आगगाडीचा डबा, बाहेर पाऊस, दिवे जातात, काचेवर बर्फ चढत जातं आणि दारात तो आत्मा शोषणारा काळा प्राणी येतो. या दोन-तीन मिनिटांत डिस्कच्या सगळ्या परीक्षा होतात. पाऊस म्हणजे प्रत्येक चित्रात बदलणाऱ्या हजारो रेषा. चित्राची माहिती दाबून भरताना यंत्राला हे सर्वांत जड जातं आणि ते कुठेतरी हात आखडता घेतं. हात आखडला की पावसाच्या जागी चिखल दिसतो. काचेवरचं बर्फ हळूहळू पसरतं, तिथे पायऱ्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात का बघा. आणि त्या प्राण्याचा फाटका काळा कपडा काळ्या दारात कितपत उठून दिसतो ते बघा. माझ्या वहीत या दृश्यापुढे तीन रकाने आहेत: पाऊस, काच, कापड. प्रत्येकात एक शब्द लिहितो, बस.

चौथ्यात तळ्याखालची स्पर्धा, सहाव्यात गुहेतला आगीचा गराडा, आठव्यात गरजेच्या खोलीत लागलेली आग. पाणी, धूर, ज्वाळा ही सगळी त्याच जातीची परीक्षा. पाचव्यात मंत्रालयाच्या काळ्या चकचकीत फरश्या आणि त्या गुलाबी कपड्यातल्या बाई. गुलाबी नीट गुलाबी दिसतोय की राणी रंगाकडे झुकतोय? झुकत असेल तर तुमचा टीव्ही अजून व्हिविडमध्येच आहे.

अजून एक शब्द समजून घ्या, दाणा. हे आठही सिनेमे ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेत. फिल्मला बारीक दाणा असतो, विशेषतः अंधाऱ्या दृश्यांत आकाशात किंवा भिंतीवर तो वळवळताना दिसतो. पुष्कळ लोक त्याला 'नॉइज' म्हणून नाव ठेवतात. उलट तो दाणा यंत्राने पुसून टाकला असेल तर काळजी करा, कारण त्याबरोबर चेहऱ्यावरची बारीक रेघही जाते आणि माणसं मेणाची दिसतात. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या दाढीकडे बघा. केस सुटे सुटे दिसले तर डिस्क बरी. कापसाचा पुंजका दिसला तर कुणीतरी जास्त साफसफाई केली आहे.

आवाजाचं. इथे मी कबूल करतो की माझं ज्ञान उसनं आहे. आमच्या गल्लीत एक काका राहायचे, आयुष्यभर पेटीची साथ केलेले. इंदूरला कानसेनांची वाण कधी नव्हतीच, अमीर खाँसाहेबांचं गाव हे. या काकांचा नातू पहिल्या भागाची 'पाल' (PAL, आपल्याकडची टीव्ही-डीव्हीडीची पद्धत) डीव्हीडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी काका स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, 'अहो, टॉकीजमध्ये ही सुरुवातीची धून ऐकली ती अशी नव्हती. पट्टी चढलीय.' मी हसलो. पण माणूस शंभर टक्के बरोबर होता. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. पाल पद्धतीत २५ लागतात, म्हणून डीव्हीडी करताना तो चार टक्के पळवतात. त्यामुळे १५२ मिनिटांचा सिनेमा १४६ मिनिटांत संपतो आणि आवाज सहसा अर्ध्या सुराहून थोडा कमी, पण वर चढतो. जॉन विल्यम्सची ती सेलेस्टावरची किणकिणती धून काकांच्या कानाला बोचली ती यामुळे. ब्लू-रे २४ नेच चालते, म्हणून वेळही पूर्ण आणि पट्टीही मूळची. तुमच्या घरी जुनी डीव्हीडी पडली असेल तर पहिली दोन मिनिटं दोन्हीवर लागोपाठ ऐका. एकदा कळलं की विसरता येत नाही.

संगीताबद्दल आणखी एक. विल्यम्स पहिल्या तीन भागांनाच आहेत. चौथा पॅट्रिक डॉयल, पाचवा-सहावा निकोलस हूपर, शेवटचे दोन अलेक्झांद्र देस्प्ला. म्हणजे 'पार्श्वसंगीत नेहमीप्रमाणे सुंदर' हे वाक्यही आठ वेळा चालणार नाही.

तुमची मुलगी हिंदीत बघते असं लिहिलंत. मग हिंदी ट्रॅकचं वेगळं परीक्षण करा, मराठीत हे कुणीच करत नाही. डब केलेल्या बऱ्याच डिस्कवर माझा अनुभव असा की संवाद पुढे रेटलेले असतात आणि मागचा पाऊस, पावलं, संगीत खाली दबतं. तेच आगगाडीचं दृश्य आधी इंग्रजीत, मग हिंदीत लावा आणि डोळे मिटा. इंग्रजीत काच तडतडताना ऐकू येते. हिंदीत येते का? डब्याच्या पाठीवर कोणत्या भाषेला किती चॅनल आहेत तेही वाचा, कारण सगळा तामझाम इंग्रजीला आणि बाकीच्या भाषांना साधा आवाज असा प्रकार सर्रास असतो. शब्दांची तुलनाही करता येईल. हिंदी पुस्तकं आपल्या भोपाळच्याच मंजुल प्रकाशनाने काढली, त्यात डिमेंटरला, म्हणजे आगगाडीतल्या त्या आत्मा शोषणाऱ्या प्राण्याला, 'दमपिशाच' आणि मगलला, म्हणजे जादू न येणाऱ्या माणसाला, 'मगलू' केलंय. मला 'दमपिशाच' इंग्रजीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. हा आपला एक व्यक्तिगत कल.

आता डब्यात काय आहे ते. परीक्षणाच्या वरच्या दोन ओळींत आवृत्ती कोणती ते लिहायलाच हवं, नाहीतर वाचणाऱ्याला तुमचं बोलणं कोणत्या डिस्कला लागू आहे तेच कळत नाही. ही मालिका किती वेळा विकली गेली त्याला गणती नाही. सुट्या डीव्हीडी, अमेरिकेत तर पहिल्याच भागाच्या रुंद पडद्याची आणि चौकोनी पडद्याची अशा दोन वेगळ्या, मग ब्लू-रे. २००९ पासून 'अल्टिमेट एडिशन', तिच्यात पहिल्या दोन भागांच्या वाढीव आवृत्त्या (१५९ आणि १७४ मिनिटं, मूळ १५२ आणि १६१) आणि निर्मितीवरचा आठ भागांचा माहितीपट. २०१२ मध्ये ३१ डिस्कचा एक पेटाराही निघाला. २०१७ मध्ये ४के, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांची डिस्क, आधी मार्चमध्ये शेवटचे चार, मग नोव्हेंबरमध्ये पहिले चार. मधल्या काळात एचडी डीव्हीडी नावाचा प्रकार येऊन गेला. पलासियातले एक गिऱ्हाईक २००७ च्या शेवटी अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला पाचवा भाग त्या प्रकारात घेऊन आले होते, लावायला मशीन काही इंदूरभर सापडलं नाही. दोनेक महिन्यांत तो प्रकारच बंद पडला. डिस्क अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे, निदान शेवटचं बघितलं तेव्हा होती.

म्हणून डब्यावरची मिनिटं वाचा. त्यावरून वाढीव आवृत्ती आहे की मूळ, ते लगेच कळतं. वाढीव आवृत्ती चांगलीच असते असंही नाही. माझ्या मते दुसऱ्या भागातली ती तेरा मिनिटं मुलांच्या बुडाला मुंग्या आणतात.

चौकोनी पडद्याचा विषय निघालाच आहे तर. लायब्ररीच्या काळात सर्वांत जास्त तक्रार काळ्या पट्ट्यांची असायची. 'वर-खाली पडदा कापलाय, पैसे कमी घ्या.' मी काउंटरवर एक पोस्टकार्ड ठेवलं होतं. त्याच्या दोन्ही बाजू बोटांनी झाकायचो आणि विचारायचो, आता पूर्ण दिसतंय का? हे सिनेमे उंचीच्या जवळजवळ २.४ पट रुंद आहेत. जुन्या चौकोनी टीव्हीवर पडदा भरायचा तर सहसा बाजू कापाव्या लागायच्या, आणि तीन मुलं शेजारी उभी असली की त्यातलं एक भिंतीपलीकडे जायचं. आजच्या टीव्हीवरही 'झूम' दाबून तोच उद्योग करणारी घरं आहेत. तुम्ही ते करत नसाल असं धरतो.

एक्स्ट्राबद्दल 'भरपूर' म्हणू नका. किती मिनिटं, त्यातली किती बघण्यालायक, आणि कुणासाठी ते लिहा. पहिल्या भागाच्या जुन्या दोन डिस्कच्या डीव्हीडीत वगळलेली दृश्यं थेट मेनूत नव्हतीच. दुसऱ्या डिस्कवरचे खेळ सोडवत परीसापर्यंत पोचलात की मगच ती दिसत. मला रात्री साडेदहाला घरी फोन यायचे, 'काका, पुढे काय दाबायचं?' मोठ्यांना त्याचा वैताग यायचा, मुलांनी मात्र त्यासाठी डिस्क चार-चार दिवस जास्त ठेवली आणि दंड भरला. मोठ्या परीक्षकाने त्या मेनूला शिव्या घातल्या असत्या. परीक्षण कुणासाठी लिहायचं हा तुमचा निर्णय आहे, पण सिनेमा मुलांचा असेल तर मुलांची साक्ष घ्यावी.

ही साक्ष घ्यायची कशी, तर विचारून नाही. मूल 'छान होतं' एवढंच म्हणतं. बघायचं की ते कधी उठलं, कधी उशीमागे लपलं, कोणत्या प्रसंगी 'परत लाव' म्हणालं. मी प्रत्येक भाग दोनदा बघतो. पहिल्यांदा घरातल्या मुलांबरोबर, न थांबवता, वही न घेता, समोर पोहे-शेव घेऊन. दुसऱ्यांदा एकटा, वही घेऊन, वेळ टिपत, त्याच त्या दृश्यांवर थांबत. पहिल्या बैठकीतून परीक्षणाचा आत्मा मिळतो आणि दुसरीतून पुरावे.

नऊ वर्षांचं वय आणि सहावा-सातवा भाग, याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. चौथ्यापासून मालिका मुलांची राहत नाही. ब्रिटनमध्ये पहिले तीन भाग 'पालकांच्या मार्गदर्शनाखाली' या वर्गात होते, चौथ्यापासून सगळे 'बारा वर्षांखालील मुलांबरोबर मोठं माणूस हवं' या वर्गात. अमेरिकेने सहाव्याला मात्र सौम्य प्रमाणपत्र दिलं. म्हणजे मोठ्यांचंही एकमत नाही. पण परीक्षणात 'गुहेतल्या पाण्यातले हात बघून लेक माझ्या मांडीवर आली' असं एक वाक्य आलं तर दुसऱ्या आईबापांना त्याचा उपयोग प्रमाणपत्रापेक्षा जास्त होईल.

कोणता संच घ्यावा, हे बरेच जण विचारतील, तेव्हा 'अवलंबून आहे' म्हणायला लाजू नका, फक्त कशावर ते सांगा. तुमच्या घरी ४३ इंची टीव्ही आणि सोफा दहा फुटांवर असेल तर ब्लू-रे आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक डोळ्याला दिसणारच नाही. फरक दिसलाच तर एचडीआरचा, म्हणजे मेणबत्तीची ज्योत खरोखर उजळ आणि शेजारचा अंधार खरोखर गडद. पण त्यासाठी टीव्हीत तेवढा उजेड हवा. स्वस्त ४के टीव्हीत तो नसतो, आणि मग एचडीआर साध्या चित्राहून अंधारं दिसतं. तुमच्या सहाव्या भागाचं तर अगदीच काळं मांजर होईल. ६५ इंची टीव्ही, खोली अंधारी, बसणं जवळ असेल तर ४के जरूर. विभागाची भानगडही बघा. भारताची डीव्हीडी विभाग ५ ची आणि ब्लू-रे विभाग 'सी' ची. परदेशातून मागवलेली डिस्क आपल्या मशीनवर चालेलच असं नाही. ४के डिस्कला विभागच नसतो, ही एक सोय.

शेवटी बारीकसारीक, पण परीक्षणात याची नोंद हवीच: डिस्क ठेवल्यात कशा? तुमचा संच पुठ्ठ्याच्या खाचांत आठ डिस्क सरकवलेला असेल तर प्रत्येक वेळी काढताना पुठ्ठा पृष्ठभागावर घासतो. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असते, डीव्हीडीची ०.६. कंपन्या वरून कडक लेप देतात म्हणून निभावतं, पण वाळूचा एक कण पुरतो. मी अशा सगळ्या डिस्क साध्या प्लास्टिकच्या डब्यांत हलवतो आणि पुठ्ठ्याची पेटी शोभेला ठेवतो. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून बाहेरच्या कडेकडे पुसायचं, गोल गोल नाही. आणि पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. जुन्या वाड्यात राहणाऱ्या आमच्या एका गिऱ्हाइकाच्या कॅसेटवर बुरशीची पांढरी नक्षी आली होती. डिस्कला तेवढं होत नाही, पण आतली छापील कागदपत्रं चिकटतात.

तर येत्या रविवारी सहावा भाग परत लावा, रात्री नऊनंतर, दिवे बंद करून, टीव्ही सिनेमा मोडवर. मुलगी झोपली असेल तरी चालेल, ही तुमची वहीची बैठक आहे. काळ्या झग्याच्या चुण्या मोजा आणि सहाव्याचं परीक्षण त्या चुण्यांपासून सुरू करा. चुण्या दिसल्याच नाहीत, तर टीव्हीचं मॉडेल, पिक्चर मोड आणि ब्राइटनेसचा आकडा मला कळवा. मग डिस्क परत करायची की टीव्हीचा रिमोट लपवायचा ते ठरवू.